गिअर रेशोचे आकडे, आणि घाटात तिसऱ्यात दम टाकणारी गाडी

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात पण मुळात ती एकच गोष्ट आहे म्हणून एकत्रच सांगतो. माहितीपत्रकात पहिला ३.५४५, दुसरा १.९०४, तिसरा १.२८०, चौथा ०.९६६, पाचवा ०.७५७ आणि फायनल ड्राइव्ह ४.१ असं लिहिलंय त्याचा अर्थ काय, ही एक. दुसरी म्हणजे १.२ लिटरची कंपनी फिटेड सीएनजी हॅचबॅक, पाच माणसं आणि डिकीभर सामान, कुंभार्ली घाट, तिसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी स्पीड पडत गेला आणि त्याबरोबर आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्या) काटाही खाली आला, आणि गॅरेजवाला म्हणतोय गिअरबॉक्स लूज झालाय, उतरवावा लागेल. तिसरी म्हणजे मित्र म्हणतो एक साइज मोठे टायर टाक, अ‍ॅव्हरेज वाढेल. गिअरबॉक्स उतरवायची घाई अजिबात करू नका, आधी हे आकडे नीट समजून घ्या, तुमच्या घाटाचं उत्तर त्यातच आहे.

रेशो म्हणजे दातांचा भागाकार, बस. इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टवर ११ दातांचा छोटा गिअर आणि तो ज्याला फिरवतो तो ३९ दातांचा मोठा, तर ३९ भागिले ११ म्हणजे ३.५४५. छोटा साडेतीन फेऱ्या मारेल तेव्हा मोठा एक मारणार. पाचव्यात उलटं असतं, ३७ दातांचा मोठा गिअर २८ दातांच्या छोट्याला फिरवतो, २८ भागिले ३७ म्हणजे ०.७५७, म्हणजे पुढचा शाफ्ट इंजिनपेक्षा जोरात फिरतो, याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. तुमच्या गाडीत चौथाच एकाच्या खाली आहे, ०.९६६, म्हणजे ओव्हरड्राइव्ह तिथूनच सुरू झाला. जुन्या पद्मिनी, अँबॅसेडरमध्ये चारच गिअर असायचे आणि चौथा म्हणजे सरळ एकास एक, इंजिनचा शाफ्ट थेट मागच्या प्रोपेलर शाफ्टला लॉक. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत असा थेट लॉक नसतो, प्रत्येक गिअरला ताकद एका जोडीतून जातेच.

लोक विचारतात हे असे विचित्र आकडे का, सरळ ३.५ ठेवायचं ना. १० आणि ३५ दात ठेवले तर साडेतीन येईल खरं, पण १० आणि ३५ दोन्हीला ५ ने भाग जातो, त्यामुळे छोट्याच्या दर सात फेऱ्यांनी तोच दात त्याच दातावर येऊन आपटणार, एखाद्या दातावर बारीकसा दोष असेल तर तो समोरच्या ठराविक दातांनाच सारखा खात राहणार. ११ आणि ३९ ला सामाईक भाजक नाही, छोट्याचा प्रत्येक दात मोठ्याच्या प्रत्येक दाताला भेटून मगच परत पहिल्याशी येतो, ३९ फेऱ्या लागतात त्याला. झीज सगळीकडे सारखी वाटली जाते आणि आवाजही कमी येतो. उघडलेला गिअरबॉक्स कधी बघायला मिळाला तर पहिल्याची जोडी आणि पाचव्याची जोडी शेजारी शेजारी बघा, पहिल्याचे दात जाडजूड आणि पाचव्याचे बारीक दिसतील, कारण पहिल्यावर येणारा ताण पाचव्याच्या कितीतरी पट असतो.

आणि एक, तुम्ही लिव्हर हलवता तेव्हा गिअर हलत नाहीत. पुढे जायच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात आणि फिरतच असतात, फक्त प्रत्येक जोडीतला एक गिअर शाफ्टवर मोकळा फिरत असतो. लिव्हरने फोर्क हलतो, फोर्क स्लीव्ह सरकवतो आणि ती स्लीव्ह त्या एका गिअरला शाफ्टशी लॉक करते. दोघांचा स्पीड आधी सारखा करून द्यायचं काम पितळी सिंक्रो रिंग करते. गिअर कर्कर करून पडतो तेव्हा बहुतेक वेळा हीच रिंग झिजलेली असते किंवा क्लच पूर्ण सुटत नसतो. हे लक्षात ठेवा, गॅरेजवाल्याच्या 'लूज'कडे परत यायचंय तेव्हा लागेल.

आता मुख्य गोष्ट. गिअरबॉक्स ताकद तयार करत नाही. इंजिन जेवढी पॉवर देतं तेवढीच चाकापर्यंत जाते, उलट थोडी घर्षणात जाते. गिअर फक्त सौदा करतो, फेऱ्या दे आणि पिळायचा जोर घे, किंवा जोर दे आणि फेऱ्या घे. पहारीने दगड उचलताना हात हातभर खाली जातो आणि दगड बोटभर वर येतो, पण तो दगड नुसत्या हाताने हललाही नसता. पहिला गिअर म्हणजे लांब पहार. इंजिनच्या फेऱ्या साडेतीनने भागल्या आणि टॉर्क, म्हणजे तो पिळायचा जोर, साडेतीनने गुणला.

त्यावर अजून एक गुणाकार कायम असतो तो म्हणजे फायनल ड्राइव्ह, डिफरन्शियलवरचा (दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) मोठा गिअर. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्यालाच क्राऊन पिनियन म्हणतात. तो तुमच्या गाडीत ४.१ आहे आणि कुठलाही गिअर असो तो लागतोच. म्हणजे पहिल्यात एकूण ३.५४५ गुणिले ४.१ बरोबर १४.५, दुसऱ्यात ७.८, तिसऱ्यात ५.२५, चौथ्यात ३.९६, पाचव्यात ३.१. म्हणून पाचवा जरी ओव्हरड्राइव्ह असला तरी चाकाच्या एका फेरीला इंजिन तीन फेऱ्या मारतंच. दोन गाड्यांची तुलना करताना नुसते गिअरचे आकडे बघून काही कळत नाही, फायनल ड्राइव्हने गुणून बघा, आणि टायरची साइजही बघा कारण शेवटचा गिअर टायरच आहे असं समजायला हरकत नाही.

टायरवर येऊ. १८५/६५ आर१५ म्हणजे रिम १५ इंच, ३८१ मिलिमीटर, त्यावर खाली आणि वर रबराची उंची, टायरची रुंदी १८५ मिलिमीटर त्याचे ६५ टक्के म्हणजे १२०, दोन्हीकडून २४०. एकूण व्यास साधारण ६२१ मिलिमीटर, परीघ १.९५ मीटर. चाक एकदा फिरलं की गाडी जवळपास दोन मीटर पुढे. (खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर१४ येतो, त्याचा हिशोब करून बघा, व्यास ६२० येतो, जवळजवळ तोच. कंपनी रिम मोठी देते तेव्हा रबर तेवढंच बारीक करते, रेशो बिघडू नये म्हणून.)

यावरून प्रत्येक गिअरला १००० आरपीएमला किती स्पीड ते काढता येतं. एका मिनिटात इंजिनच्या १००० फेऱ्या, त्याला एकूण रेशोने भागा म्हणजे चाकाच्या फेऱ्या, त्याला १.९५ ने गुणा म्हणजे मिनिटाला मीटर, ६० ने गुणून हजाराने भागा म्हणजे ताशी किलोमीटर. तुमच्या गाडीला पहिल्यात ८, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात २२, चौथ्यात साडेएकोणतीस आणि पाचव्यात साडेसदतीस येतात. हे पाच आकडे कागदावर लिहून ठेवा, मनात बसले की गाडी चालवणं बदलतं. ट्रॅफिकमध्ये पहिल्यात क्लच सोडून दिला, आयडल (पाय न लावता इंजिन फिरतं ते) ८०० आहे, की गाडी साडेसहाच्या स्पीडने आपोआप चालते ती यामुळे. आणि हायवेला शंभरला काटा २६५० च्या आसपास दिसतो तोही यामुळे.

आता घाट. इथे हिशोब पूर्ण करू कारण याच्याशिवाय पटत नाही. तुमच्या इंजिनचा पेट्रोलवर जास्तीत जास्त टॉर्क ११३ न्यूटन मीटर, सीएनजीवर ९८.५. म्हणजे गॅसवर गेलात की साधारण तेरा टक्के आधीच गेले. गाडी आणि सिलिंडर मिळून ९८० किलोच्या आसपास, पाच माणसं आणि सामान ३७० धरू, एकूण १३५०. दहाला एक असा चढ धरा, दहा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. त्या चढावर गाडीला मागे ओढणारा जोर वजनाचा दहावा हिस्सा म्हणजे १३५ किलो, त्यात टायर लोळण्याचा विरोध पंधरा एक किलो, म्हणजे १५० किलोचा जोर रस्त्यावर दिला तर गाडी आहे त्या स्पीडला टिकेल, जास्त दिला तर स्पीड घेईल, कमी दिला तर पडेल.

इंजिन काय देतं ते बघू. ९८.५ गुणिले तिसऱ्याचा एकूण रेशो ५.२५, दहा टक्के घर्षणात सोडून द्या, टायरची त्रिज्या ३१ सेंटिमीटर, उत्तर येतं १५३ किलो. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर फरशीला टेकवून, इंजिन तब्येतीत असताना, सगळ्यात चांगल्या आरपीएमला तिसरा गिअर १५३ देतो आणि घाट मागतो १५०. वर फक्त तीन किलो उरले. आणि ती 'सगळ्यात चांगली आरपीएम' चार हजारांच्या पुढे आहे, तिसऱ्यात चार हजार म्हणजे ताशी जवळपास नव्वद. घाटात कुणी नव्वदने चढत नाही. तुम्ही ३५ ने चालला असाल, तिथे तिसऱ्यात काटा १५७० वर, तेवढ्या खाली इंजिन ९८ देत नाही, समजा ८० दिला तर रस्त्यावर पोचतात १२४ किलो. घाट मागतोय १५०. म्हणून स्पीड पडणार, स्पीड पडला की आरपीएम पडणार, आरपीएम पडली की टॉर्क अजून कमी, म्हणून अजून पडणार, आणि शेवटी गाडी थरथरायला लागते. तुमच्या गाडीने नेमकं हेच केलं. गाडीत बिघाड असायचं कारण नाही, जो जोर मागितला तो त्या गिअरमध्ये नव्हताच.

त्याच ३५ च्या स्पीडला दुसरा टाका. काटा २३३० वर जातो, टॉर्क थोडा वाढतो, ८५ च धरा, पण आता गुणाकार ७.८ ने, रस्त्यावर १९६ किलो. म्हणजे ४५ किलो शिल्लक, गाडी चढावर स्पीड घेईल. फरक इंजिनने केला नाही, रेशोने केला.

वळणाला अजून एक पायरी. हेअरपिनला स्पीड १५ वर आला तर दुसऱ्यात आरपीएम १०००, पूर्ण लोड असताना इतक्या खाली इंजिनकडून काही मागू नका, सरळ पहिला टाका. पहिल्यात १८५० होईल आणि गाडी आरामात वळेल. आपल्याकडे एक समज आहे की पहिला फक्त गाडी उचलायला असतो, चालत्या गाडीत पहिला टाकणं म्हणजे गिअरबॉक्सचा छळ. स्पीड पंधरा-सोळाच्या खाली असेल, सिंक्रो चांगले असतील तर काही होत नाही. उलट दुसऱ्यात हाफ क्लचवर वळण काढणारे लोक क्लच प्लेट जाळतात, घाटाच्या वरच्या टोकाला करपल्याचा वास येतो ना तो त्याचाच.

आणि लोड असेल तेव्हा घाटाच्या पायथ्यालाच पेट्रोलवर टाका. ९८ च्या जागी ११३, तिसऱ्यातला १५३ चा १७५ होतो. अर्धा तास पेट्रोल जळेल, जळू दे.

मला सगळ्यात जास्त कुठली गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते तर ती ही, की आरपीएमला घाबरू नका. 'इंजिन ओरडतंय, वरचा टाक' हे वाक्य मी शेजारच्या सीटवरून इतक्यांदा ऐकलंय. या इंजिनची लाल रेघ सहा हजारांच्या आसपास आहे, घाटात तीन-साडेतीन हजार म्हणजे त्याच्यासाठी रोजचं काम आहे. इंजिनचं खरं नुकसान कमी आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबण्यात आहे. सिलिंडरमध्ये दाब मोठा, पिस्टन हळू, बेअरिंगवर तेलाचा थर पातळ, त्यात नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिन खडखडणं), आणि ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर इंजिन वाचवायला पेट्रोल वाढवतो आणि स्पार्कचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे अ‍ॅव्हरेजही गेलं. वरच्या गिअरला अ‍ॅव्हरेज मिळतं हे खरं आहे, पण ते सपाट रस्त्याचं खरं आहे. शंभरला सपाट रस्त्यावर या साइजच्या गाडीला साधारण ४५ किलोचा जोर लागतो आणि पाचवा पेट्रोलवर शंभर एक किलो देऊ शकतो, म्हणजे अर्ध्या ताकदीत काम भागतं, फेऱ्या कमी, आतलं घर्षण कमी, थ्रॉटल जरा जास्त उघडा राहतो त्यामुळे हवा ओढायला इंजिनला कमी कष्ट, म्हणून तिथे पाचवा उत्तम. चढ आला की मागणी तिप्पट, आणि तोच पाचवा चुकीचा.

ओव्हरटेकलाही हाच हिशोब. मुंबई-गोव्याला जिथे अजून समोरासमोर ट्रॅफिक आहे तिथे ८० ने ट्रकच्या मागे पाचव्यात असाल तर काटा २१०० वर आहे, दाबलात तर गाडी विचार करत बसते आणि समोरून एसटी येते. चौथ्यात २७००, तिसऱ्यात ३६००, आणि तिसऱ्यात चाकाला मिळणारा जोर पाचव्याच्या पावणेदोन पट. बाहेर निघायच्या आधी तिसरा टाका, बाहेर निघाल्यावर नाही. जे लोक म्हणतात 'माझ्या गाडीला पिकअप नाही' त्यातल्या अर्ध्यांच्या गाडीला पिकअप आहे, ते एक-दोन गिअर वर असतात एवढंच.

आता दोन गिअरमधलं अंतर. तुमचे आकडे एकमेकांनी भागून बघा, पहिला ते दुसरा १.८६ पट, दुसरा ते तिसरा १.४९, तिसरा ते चौथा १.३३, चौथा ते पाचवा १.२८. पायऱ्या वर जाताना छोट्या होत जातात. ४००० ला पहिल्यातून दुसऱ्यात गेलात तर काटा २१५० वर पडतो, चौथ्यातून पाचव्यात गेलात तर ३१५० च्या आसपासच थांबतो. म्हणून पहिला-दुसरा बदलताना नवशिक्याला झटका बसतो, क्लच जरा जास्त वेळ मागतो, आणि वरच्या गिअरला लोण्यासारखं जातं. असं का ठेवतात तर वरच्या स्पीडला हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, तिथे इंजिनकडे शिल्लक कमी असते, पायरी मोठी ठेवली तर गिअर बदलल्यावर गाडी बसेल. खाली शिल्लक भरपूर असते म्हणून मोठी पायरी परवडते. डिझेलला वेगळं गणित असतं, जुन्या १.३ लिटर मल्टीजेटला १९० न्यूटन मीटर २००० लाच मिळायचे पण टर्बो त्याच्या खाली झोपलेला, आणि वरती पाच हजारांच्या आसपास सगळं संपलं. म्हणून डिझेलला रेशो लांब, म्हणजे लहान आकड्याचे ठेवतात, आणि म्हणून डिझेलवाला पेट्रोलवर आला की पहिल्या घाटात वैतागतो, त्याची सवय १८००-२००० वर गिअर बदलायची असते.

उताराच्या बाजूला काय? रेशो दोन्हीकडून काम करतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिन चाकांना मागे धरतं आणि तो धरायचा जोरही त्याच १४.५ किंवा ७.८ ने गुणला जातो. म्हणून ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. न्यूट्रलमध्ये उतरवून गॅस वाचवणारे लोक अजून भेटतात, कृपा करून करू नका, इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट आयडलला जळत राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ब्रेक तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

एकच धोका सांगतो, उतारावर किंवा हायवेला गडबडीत खाली गिअर टाकताना चौथ्याऐवजी दुसरा पडला तर. शंभरला दुसऱ्यात काटा कुठे जाईल, १०० भागिले १५, म्हणजे ६६०० च्या वर. रेव्ह लिमिटर इथे वाचवत नाही, तो फक्त इंधन बंद करतो, आणि इथे इंजिनला इंधन फिरवत नाही, चाकं फिरवतायत. व्हॉल्व्ह पिस्टनला लागले की हेडचं काम. मघाचे पाच आकडे पाठ असावेत ते यासाठीही.

गॅरेजवाल्याचं आता. दातांचा भागाकार झिजून बदलत नाही. ३९ आणि ११ दात दहा वर्षांनीही ३९ आणि ११ च असतात, त्यामुळे 'गिअरबॉक्स लूज झाला म्हणून ओढत नाही' हे होऊच शकत नाही. गिअरबॉक्स खराब झाला तर आवाज येतो, गिअर कर्कर करत पडतो, गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होतो, बेअरिंग घूं घूं करतात, तेल गळतं. ताकद कमी होत नाही. (रिव्हर्सला जो चिरका आवाज येतो तो मात्र दोष नाही, तिथे बहुतेक गाड्यांत सरळ दात असतात, बाकी सगळीकडे तिरके.) ताकद जाऊ शकते ती क्लचमध्ये, आणि ते तपासायला काही उघडावं लागत नाही. मोकळा सपाट रस्ता बघा, चौथ्यात ६० वर या, काटा २००० च्या आसपास असला पाहिजे, आता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा आणि स्पीड दोन्ही हातात हात घालून चढले तर क्लच ठीक. काटा टुणकन तीन हजारांवर गेला आणि स्पीड साठ-बासष्टच राहिला तर क्लच घसरतोय, कारण दात घसरू शकत नाहीत, घसरण्यासारखी दुसरी जागाच नाही. तुम्ही स्वतःच सांगताय की घाटात स्पीडबरोबर आरपीएमही पडली. क्लच घसरत असता तर आरपीएम वर गेली असती. म्हणजे क्लचही बहुतेक ठीकच आहे.

तरी दुसऱ्यातही गाडी चढायला रडत असेल तर मग इंजिनकडे बघा. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, गॅसचा फिल्टर, आणि पेट्रोलवर फरक पडतो का ते. पेट्रोलवर मस्त आणि गॅसवर मेली असेल तर गॅसच्या बाजूचं काम आहे. चाकं वर उचलून हाताने फिरवून ब्रेक अडकत नाहीत ना तेही बघायला सांगा. हे सगळं स्वस्तातलं काम आहे, गिअरबॉक्स उतरवणं यात कुठेच येत नाही.

एएमटी असेल कुणाकडे तर त्यांच्यासाठी थोडं. एएमटी म्हणजे हाच गिअरबॉक्स, हेच दात, फक्त क्लच आणि लिव्हर यंत्र हलवतं. त्याला पुढचं वळण दिसत नाही, म्हणून घाटात मॅन्युअल मोडवर घेऊन दुसरा धरून ठेवा. सीव्हीटीत पायऱ्याच नसतात, पट्टा पुलीवर सरकत रेशो बदलत राहतो, म्हणून तिथे इंजिन एकाच सुरात ओरडत राहिलं तरी गाडी स्पीड घेत असते. इलेक्ट्रिक गाड्यांना बहुतेक एकच रेशो, साधारण आठ ते दहाला एक, कारण मोटर शून्यापासूनच पूर्ण टॉर्क देते आणि वरती दहा हजारांच्याही पुढे फिरू शकते, तिला सौद्याची गरज फारशी पडत नाही.

राहिले टायर. १८५/६५ च्या जागी २०५/६५ आर१५ टाकलात तर व्यास ६२१ चा ६४७ होतो, चार टक्के मोठा. म्हणजे प्रत्येक गिअर चार टक्के लांब झाला, फायनल ड्राइव्ह ४.१ चा ३.९४ केल्यासारखं. शंभरला काटा २६५० ऐवजी २५५० दिसेल, बघायला बरं वाटेल. पण घाटात तिसऱ्यातला १५३ किलोचा १४७ होतो, घाट मागतो १५०, म्हणजे जो गिअर आधी कसाबसा पुरला असता तोही आता पुरणार नाही. वर टायर रुंद आणि जड, त्यामुळे हायवेला वाचलं ते शहरात जातं, आणि वळवताना आतल्या लायनरला घासतोय का तेही बघावं लागतं. तुमचा बहुतेक प्रवास घाटातून लोड घेऊन आहे, त्यामुळे माझं उत्तर नको असंच आहे. कंपनीची साइज ठेवा, हवा दाराच्या स्टिकरवर पूर्ण लोडसाठी लिहिलीय तेवढी भरा. आणि मित्राने टाकलेच असतील मोठे, तर त्याला सांगा की ओडोमीटर आता चार टक्के कमी किलोमीटर मोजतोय, टाकी टू टाकी अ‍ॅव्हरेज काढताना ते मिळवून मगच जुन्या आकड्याशी ताडून बघ.